फुग्यावर चालणारं जुनं शटर उघडतं, पण मिटत नाही

माळावरचा डबा (दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. तालुक्यातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतला सागवानी फील्ड कॅमेरा हाती आला आहे. होल प्लेट, म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंच. भाता शाबूत आहे, ग्राउंड ग्लास (मागची धुरकट काच, जिच्यावर चित्र दिसतं) नवी बसवली. लेन्सबोर्डाच्या आतल्या अंगाला चौकोनी काळ्या पाटीवरचं हवेचं शटर आहे. पाटीवर 'पॅकार्ड आयडियल नं. 6' एवढं पुसट वाचता येतं. तोंड अडीच इंचाचं, बाजूला पितळी सिलेंडर, त्याला बाहेरून 6 मिमी भरणारी तोटी.

मूळ नळीचे तुकडे पडले होते. सध्या बीपीच्या मशीनचा फुगा आणि सलाइनची नळी जोडली आहे. दाबलं की पाती उघडतात, पण रडतखडत. सोडल्यावर मिटत नाहीत, बोटाने ढकलावी लागतात. पाती काळी आहेत, धातूची नाहीत, आणि त्यातलं एक किंचित वाकलेलं दिसतं. झटपट एक्स्पोजरसाठी जी पिन लागते म्हणतात ती गायब आहे.

सिलेंडरमध्ये शिलाई मशीनचं तेल सोडू का? की पूर्ण उघडून साफ करू? शिवाय याच कॅमेऱ्यासोबत एक छोटी लेन्स मिळाली, तिच्या कंपाउंड शटरवरही एक सिलेंडर आहे. त्यात 1 सेकंद लावलं तर पुष्कळ जास्त वेळ लागतो. तिथेही हाच इलाज चालेल का? वापर एक्स-रे फिल्म आणि पेपर निगेटिव्हसाठी (फिल्मऐवजी फोटोचा कागद) करायचा आहे, बहुतेक उन्हातच.

पितळी तोटी (नागपूर)

तेलाची बाटली आधी कपाटात ठेवा, भाऊ. आणि शटर उघडू नका, अजून तरी. तुमचं दुखणं फुग्यात आहे.

या पॅकार्डमध्ये पाती मिटवायला स्प्रिंग नसते. फुगा दाबला की हवा सिलेंडरमध्ये जाते, पिस्टन सरकतो, दांडी फिरते, पाती उघडतात. फुगा सोडला की तो फुगताना तीच हवा परत ओढतो आणि त्या ओढीने पिस्टन मागे येतो. म्हणजे उघडणं दाबाचं काम, मिटणं ओढीचं. बीपीच्या फुग्याला शेपटाकडे एक व्हॉल्व्ह असतो, त्यातून तो बाहेरची हवा आत घेतो. तुम्ही सोडलं की त्याला शेपटातून आयती हवा मिळते, मग सिलेंडरमधून तो कशाला ओढेल? त्यातही पुढच्या बाजूला, हवा सोडायचा स्क्रू असतो त्या धातूच्या भागात, दुसरा एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. पट्ट्यातली हवा फुग्यात परत येऊ नये म्हणून. तो तर परतीची वाट सरळ बंदच करतो. पाती अडकून राहणारच.

इलाज: पुढचा स्क्रूवाला भाग पूर्ण काढून टाका. शेपटाचा व्हॉल्व्ह उपसून काढा आणि त्या भोकात थोडा जाड बोल्ट टेफ्लॉन टेप गुंडाळून घट्ट बसवा, वरून बारीक तारेने आवळा. एम-सील लावायचा मोह होईल, पण लवचिक रबरावर ते धरत नाही, दहा-वीस दाबांत सुटतं.

मग कसोटी घ्या. फुगा पूर्ण दाबा, तोंडावर अंगठा लावा आणि मूठ सोडा. फुगा चेपलेलाच राहिला पाहिजे. हळूहळू फुगला तर कुठून तरी हवा आत येते आहे. नळी जोडून नळीच्या टोकाला बोट लावून हेच पुन्हा करा. गळती नेमकी कुठे हे बघायला फुगा-नळी बादलीत बुडवून दाबा, बुडबुडे जागा दाखवतात. शटर मात्र पाण्याजवळ नेऊ नका.

आता नळी. सलाइनची नळी आतून साधारण 3 मिमी असते. या कामाला आतून 5 मिमी हवी. फरक दिसायला दोनच मिलिमीटरचा, पण नळीतून हवेला होणारा अडथळा व्यासाच्या चौथ्या घातात बदलतो. 5 ला 3 ने भागा, चौथा घात काढा, जवळपास पावणेआठ. तेवढ्या पटीने ती नळी हवा अडवते. रडतखडत उघडण्याचं कारण हेच. तुमच्या 6 मिमीच्या तोटीवर 5 मिमी पोटाची नळी ताणून घट्ट बसेल. सिलिकॉनची घ्या, 1.5 मिमी जाडीची. लेटेक्सची सुरुवातीला छान चालते, पण आपल्याकडच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत चिकट तरी होते नाही तर तडकते. मत्स्यालयाची प्लास्टिक नळी थंडीत कडक होते आणि तोटीवरून निसटते.

लांबी 1 मीटरच्या आत ठेवा. 5 मिमीच्या नळीत दर मीटरला 20 मिलीच्या आसपास हवा मावते. नळी लांबवली की आधी ती हवाच दबते, पिस्टन मागाहून हलतो, आणि मिटताना तोच उशीर दुसऱ्यांदा. 3 मीटर लांबून चालवायचं असेल तर फुगाही तसा मोठा हवा.

फुग्याचं म्हणाल तर बीपीच्या फुग्यापेक्षा मेडिकलमध्ये मिळणारा कान धुवायचा रबरी फुगा बरा. एकच तोंड, व्हॉल्व्ह नाही. जाड रबराचा, 90 मिलीचा घ्या. लहान बाळाच्या नाकाचा फुगा घेऊ नका, त्यात या शटरला पुरेल एवढी हवाच नसते. जुन्या रिक्षा-ट्रकच्या भोंग्याचा फुगाही चालतो. त्याची मान रुंद असते, ती 6 मिमीवर आणायला कॉम्प्रेसरचं सामान विकणाऱ्याकडे पितळी रिड्युसर मिळतो.

नळी तोटीवर चढवताना साबणाचं पाणी लावा. व्हॅसलिन, खोबरेल, ग्रीस काही नाही. रबर तेलाने फुगतं आणि मऊ पडतं.

माळावरचा डबा

मनःपूर्वक आभार. कानाचा फुगा आणि 5 मिमी सिलिकॉन नळी, 80 सेंमी, जोडली. अंगठ्याची कसोटी पास. आता उघडतं झटकन आणि मिटतंही, पण मिटताना शेवटच्या पाव भागात रेंगाळतं. शटर उलटं धरलं तर रेंगाळत नाही. पिस्टन हाताने सरकवला तर मधेच खरखर लागते.

वणीचा कोळसा (वणी)

आता उघडा, राजेहो. खरखर म्हणजे धूळ. आपल्या भागात काळ्या मातीची धूळ लय बारीक, त्यात जिनिंगचा कापूस उडत असेल तं त्याचे तंतू. इकडे वणीत कोळशाची पूड वेगळी. हे सगळं तोटीतून फुग्याच्या ओढीनंच आत जातं. फुगा काढून ठेवला आणि तोटी उघडी राहिली की झालं. म्हणून आधी सवय लावा: नळी काढली की तोटीवर रबरी टोपी. सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हची टोपी बारीक पडते, शाईच्या ड्रॉपरची रबरी टोपी बरोबर बसते.

उघडायची रीत. पाटी लेन्सबोर्डावरून सोडवा. झाकण कुठे स्क्रूनं, कुठे बारीक खिळ्यांनी लावलेलं असतं. खिळे असतील तं पक्कड लावून उपसू नका, पाटी पुठ्ठ्यासारख्या थरांची असते, फाटते. पातळ सुरीचं पातं फटीत सरकवून सगळ्या बाजूंनी थोडं थोडं उचला. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो, दांडी कोणत्या बाजूला झुकली आहे ते दिसेल असा. पाती कोणावर कोण आहे तो क्रम चुकला तं पुन्हा जुळवताना डोकं फिरतं.

पिस्टन दांडीपासून सोडवून सरळ ओढा, पिळू नका. सिलेंडरच्या आत कापसाचा बोळा लाकडी काडीवर गुंडाळून फिरवा. बोळ्याला मोबाइल दुरुस्तीवाल्याकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही ओलसर, टिपकणारं नाही. एक बोळा काळा निघाला की फेका, दुसरा घ्या. बोळा पांढरा निघेपर्यंत. कापसाचा एकही तंतू आत राहू देऊ नका, शेवटचा हात चष्मा पुसायच्या कापडानं मारा. अल्कोहोल बाहेरच्या पितळेला लागू देऊ नका. जुन्या पितळेवर लाखेचं वार्निश असतं, अल्कोहोलनं ते विरघळून डाग पडतात. पाटीला आणि पात्यांनाही लावायचं नाही.

चमकवायच्या नादात आतून चिंच, पितांबरी, ब्रासो काही घासू नका. काहून म्हणाल तं पिस्टनला वॉशर नाही, हवा अडते ती निव्वळ पिस्टन आणि भिंतीतल्या बारीक फटीमुळे. घासून फट वाढली की ते सिलेंडर कायमचं गेलं, त्याला मग फुगा कितीही मोठा लावा.

तेल काहून नको तेही याच फटीत आहे. तेलाचा थर फट भरतो, दोन दिवस शटर गुळगुळीत चालतं, माणूस खूश होतो. मग त्या तेलावर धूळ बसते आणि त्याची लेई होते. शिलाई मशीनचं तेल असो की स्प्रेचं, फरक नाही. कोरडं ग्राफाइट तेवढं चालतं, कुलपात टाकायची पूड हार्डवेअरवाल्याकडे मिळते. बोटाला चिमूटभर घ्या, पिस्टनला चोळा, मग फुंकरीनं उडवा. चमक राहिली तेवढं पुरे. पेन्सिल घासून काढलेली पूड नको, तिच्यात चिकणमाती असते.

जोडण्याआधी: सिलेंडर उभा धरा, पिस्टन वरून सोडा. तोटी उघडी असताना तो आपल्या वजनानं खाली गेला पाहिजे. तोटीवर बोट ठेवलं की थबकला पाहिजे. थबकत नसेल तं फट मोठी आहे. खालीच जात नसेल तं मळ शिल्लक आहे नाही तं पोचा आहे. पोचा नखानं चाचपून कळतो, बाहेरून चिमटीत दाबून नीट करायला जाऊ नका.

उलटं धरलं की रेंगाळत नाही असं म्हणता, तेव्हा अर्धा दोष वाकलेल्या पात्याचाही आहे. ते शेजारच्यावर घासतं, आणि मिटताना शेवटी ओढ सगळ्यात कमी उरते म्हणून तिथंच अडतं.

पितळी तोटी

पात्याबद्दल थोडं. आधी ते कशाचं आहे ते ओळखा. कडेला अंगठ्याने जोरात घासा आणि वास घ्या. गंधकाचा वास आला आणि घासलेली जागा तपकिरी वाटली तर एबोनाइट, म्हणजे कडक रबर. वास नसेल आणि कडेला थर दिसत असतील तर दाबलेल्या कागदाचं फायबर. फायबरला पाणी लावायचं नाही, फुगतं. ते दोन काचांत दाबून आठवडाभर ठेवणं एवढंच करता येतं.

एबोनाइट 70-80 अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतं. वाकतं त्यानेच आणि सरळही त्यानेच होतं. सपाट काचेच्या दोन तुकड्यांत ठेवा, वरून काळा कागद, कारण ऊन थेट लागलं तर ते हिरवट तपकिरी होतं. मे महिन्यात दुपारी टिनाच्या पत्र्यावर दोन तास ठेवलं की पुरेसं तापतं. मग काचा न हलवता सावलीत आणून वर वीट ठेवा आणि रात्रभर थंड होऊ द्या. गरम असताना उचलून बघायचं नाही. गरम पाणी, हेअर ड्रायर दोन्ही नकोत: पाण्याने रंग जातो, ड्रायरने एकच जागा तापून लाट पडते.

याच कारणासाठी कॅमेरा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत सोडू नका. पात्यांची लाट बहुतेक वेळा तिथेच पडते.

सावलीचा हिशेब (परतवाडा)

भोंग्याच्या फुग्याबद्दल एक हरकत. चालतो हे खरं, पण अडीच इंचाच्या शटरला तो जास्त होतो. जोरात दाबला की पाती शेवटच्या आडकाठीवर आपटून उसळतात. झटपट एक्स्पोजरला त्या उसळीत तोंड पुन्हा जरासं उघडतं, आणि तेजस्वी भागाला दुहेरी कडा येते. निगेटिव्हवर ती हललेल्या कॅमेऱ्यासारखी दिसते आणि माणूस ट्रायपॉडला शिव्या घालत बसतो. 4 इंचाच्या तोंडाला भोंग्याचा फुगा ठीक. इथे 90 मिलीचाच राहू द्या.

आता वापर. पिन न घालता हे शटर म्हणजे 'दाबून धराल तोवर उघडं'. पिन घातली की एका ठोस दाबात उघडून मिटतं, आणि तो वेग साधारण 1/25 सेकंद धरतात. पण तो तुमच्या मुठीवर, नळीवर आणि फुग्यावर अवलंबून. म्हणून मोजा. मोबाइलवर 240 फ्रेमचा स्लो मोशन लावा, कॅमेऱ्याच्या मागून ग्राउंड ग्लास काढून, समोर उजळ आकाश किंवा दिवा. एक फ्रेम म्हणजे 1/240 सेकंद. तोंड अर्धं उघडलेल्या फ्रेमपासून अर्धं मिटलेल्या फ्रेमपर्यंत मोजा. 10 फ्रेम म्हणजे 1/24, 16 म्हणजे 1/15. पाच-सहा दाब घ्या आणि त्यांच्यातला फरक बघा. सरासरी काहीही असली तरी चालते, दाबादाबांत फरक पडला की एक्स्पोजर हाती राहत नाही. काही मोबाइल 240 म्हणतात पण मधल्या फ्रेम बनवून घालतात. शंका आली तर फिरत्या पंख्याचं शूटिंग करून बघा, बनवलेल्या फ्रेममध्ये पातं फाटल्यासारखं दिसतं.

हिशेब असा मांडा. भर दुपारच्या उन्हात आयएसओ (फिल्मची संवेदनशीलता) 100 ला एफ/16 वर 1/100 सेकंद. एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान. हिरव्याला संवेदनशील एक्स-रे फिल्म 80 ते 100 धरून चालते. म्हणजे 1/25 साठी एफ/32. लेन्सचं छिद्र इतकं मिटत नसेल किंवा मिटवायचं नसेल तर तीन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी करडी काच, लावा आणि एफ/11 वर या. लाल फिल्टर या फिल्मवर लावू नका, तिला लाल दिसतच नाही, निगेटिव्ह कोरी येईल. संध्याकाळी उजेड तांबूस झाला की मीटर सांगतो त्यापेक्षा एक स्टॉप जास्त द्या, कारण मीटरला लाल दिसतो, फिल्मला नाही. आणि दवाखान्यातून फिल्म आणताना ड्राय लेझरची घेऊन येऊ नका, ती छापायची असते, आपल्या डेव्हलपरमध्ये तिचं काही होत नाही. 8 बाय 10 इंचाच्या शीटमधून तुमचा साडेसहा बाय साडेआठचा एक तुकडा निघतो. दोन्ही बाजूंना इमल्शन असतं, तेव्हा ट्रेच्या तळाला काच ठेवा, नाही तर खालच्या बाजूला ओरखडे.

पेपर निगेटिव्ह आयएसओ 6 धरा. त्याच उन्हात एफ/16 वर 1/6 सेकंद. हा आकडा या शटरला सगळ्यात अडचणीचा: पिनच्या वेगापेक्षा सावकाश आणि हाताने मोजण्यापेक्षा जलद. तेव्हा एफ/45 वर जा, तिथे सव्वा ते दीड सेकंद येतो. एका सेकंदाला हाताची चूक 0.2 सेकंद झाली तरी ती पाव स्टॉप, दिसणारही नाही. तीच चूक 1/4 सेकंदावर झाली तर पाऊण स्टॉपपेक्षा जास्त. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पिनवर एक वेग आणि हातावर 1 सेकंदाच्या पुढचे, मधल्या जागेत राबायचं नाही. मोकळ्या सावलीत, पडवीत वगैरे, आयएसओ 6 ला एफ/16 वर साधारण 1 सेकंद येतो. पडवीतल्या माणसाच्या फोटोला हे शटर उत्तम, कारण आवाज जवळजवळ नाही आणि फोटोग्राफर कॅमेऱ्याबाजूला उभा राहून बोलू शकतो.

हाताने मोजताना मेट्रोनोमचं ॲप 60 वर लावा. टिकला दाबा, टिकला सोडा. 'एक हजार एक' म्हणण्यापेक्षा हे बरं.

माळावरचा डबा

सिलेंडर साफ केला, दोन बोळे काळेकुट्ट निघाले. पाती एबोनाइटचीच, सरळ झाली. आता रेंगाळत नाही. पिनचं काय करू? आणि कंपाउंडचं उत्तर राहिलं.

सावलीचा हिशेब

पिन साधी सळईच असते. बाजूच्या भोकात ड्रिल बिटची मागची बाजू घालून व्यास काढा. खेळती जाईल पण डुगडुगणार नाही असं माप. बहुतेकदा सायकलचा स्पोक किंवा विणायच्या सुईचा तुकडा कामी येतो. टोक कानसीने गोल करा, आणि बाहेर धरायला एक लूप वाकवा, तोच आत फार जाऊ न देणारा अडसरही होतो. फार आत गेली तर पात्यांना अडते. घातल्यावर एकदम दाबू नका, आधी हळू दाबून बघा कुठे घासते का.

तुमचं शटर लेन्सबोर्डाच्या आत आहे, म्हणजे पिनसाठी बोर्डाला भोक असणार. पिन काढून काम करता तेव्हा त्या भोकातून उजेड आत येतो. काळी टेप लावा. नळीच्या भोकातही तेच, तिथे काळ्या फोमची चकती.

आणखी एक: ही पाती एकमेकांवर अगदी थोडी चढतात, कडक उन्हात मिटलेली असतानाही कडेने थोडा उजेड झिरपतो. 1/25 च्या एक्स्पोजरला तो काही करत नाही, पण डार्क स्लाइड (फिल्मपुढचं सरकतं झाकण) ओढून ढग सरकायची वाट बघत उभं राहिलात तर फिल्म धुरकट होते. म्हणून टोपी लेन्सवर, स्लाइड ओढा, टोपी काढा, फुगा, टोपी परत, स्लाइड आत. खोलीत तपासायला भात्याच्या आत डोकं घालून डोक्यावर काळं कापड घ्या, बाहेरून कुणाला तरी लेन्ससमोर टॉर्च फिरवायला सांगा. डोळ्यांना पाच मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या, त्याआधी काही दिसत नाही.

फ्लॅश लावायचा झाला तर जुन्या नगांना सिंकची (शटरसोबत फ्लॅश आपोआप उडवणारी) तार नसते. खोली अंधारी करा, फुगा दाबून धरा, फ्लॅश हाताने उडवा, सोडा.

पितळी तोटी

कंपाउंड हे वेगळं जनावर. म्युनिकच्या डेकेलचं. त्यात पाती स्प्रिंगने चालतात, आणि वरच्या सिलेंडरमधली हवा फक्त ब्रेकचं काम करते: पिस्टनच्या वाटेतली हवा निसटायला जितका वेळ, तितका उशीर मिटायला. 1912 मध्ये याच डेकेलने कॉम्पर आणलं तेव्हा या हवेच्या ब्रेकची जागा दातेरी चाकांनी घेतली. तुमच्या दुसऱ्या शटरवर नळीची तोटी असली तरी ती फक्त खटका दाबायला, तिथे फुग्याच्या ओढीचा काही संबंध नाही.

त्यामुळे दोषही उलटे वाचायचे. 1 सेकंदाचे 3 होतात म्हणजे पिस्टन जड, आत मळ किंवा कुणीतरी घातलेलं जुनं तेल. 1 सेकंद अर्ध्यात संपतो म्हणजे हवा गळते, सिलेंडरचं झाकण सैल आहे किंवा भिंत झिजली आहे. तुमचं पहिल्या प्रकारचं. झाकण नीट मापाच्या चावीने सोडा, चिमट्याच्या टोकाने फिरवलं तर खाचा बुजतात. पिस्टन सहज येत असेल तरच काढा. सिलेंडर आणि पिस्टन कोरडे, अगदी कोरडे पुसा. ग्राफाइटही शक्यतो नको. झाकण घट्ट लावूनच वेग मोजा, उघड्या झाकणाने मोजलेला आकडा निरर्थक.

पूर्ण शटर पेट्रोलात किंवा अल्कोहोलमध्ये बुडवायची शिफारस इंटरनेटवर सर्रास दिसते. कंपाउंडच्या बाबतीत ती ऐकू नका. जुन्या नगांत पाती कडक रबराची किंवा कागदी फायबरची असू शकतात, ती वाकतात, चिकटतात, आणि तशी पाती आज कुठे मिळायची नाहीत. एवढं करूनही सुधारलं नाही तर 1/10 च्या पुढचे वेग मोजून एका चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठी लेन्सबोर्डामागे चिकटवा आणि 1 सेकंद टोपीने द्या.

वणीचा कोळसा

ठेवण्याचं कोणी बोललं नाही, म्हणून. पावसाळ्यात शटरसोबत डब्यात सिलिका जेल, पण एबोनाइट आणि फायबरची पाटी यांना चिकटून नाही. जेलचा रंग उडाला की तव्यावर मंद आचेवर परतून घ्या. फुगा आणि नळी शटरपासून वेगळ्या पिशवीत, बिनवासाचं शंखजिरं लावून, दुमडून नाही तं सैल गोल करून. काहून की रबरातला गंधक पितळ काळं करतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पेटी वरच्या फळीवर ठेवू नका, जमिनीलगत ठेवा. आणि महिन्यातून एकदा दहा-वीस वेळा उघडझाप. बसून राहिलेलं शटरच जास्त अडतं.

माळावरचा डबा

स्पोक बसला. स्लो मोशनमध्ये सहा दाब: 11, 11, 12, 10, 11, 15 फ्रेम.

सावलीचा हिशेब

15 सोडून द्या, तो दाब अर्धवट गेला असणार. 11 फ्रेम म्हणजे 1/22 च्या जवळ, 1/25 पेक्षा पाव स्टॉपही जास्त नाही, हिशेब बदलायची गरज नाही. पण तो 15 वाला दाब फिल्मवर येऊ नये म्हणून फुगा तळहातात नको, अंगठा आणि पहिली दोन बोटं यांच्यात धरा आणि नळीकडचं तोंड खाली ठेवा. तळहातात धरला की कधी कधी मानच चेपते आणि हवा अडते. पुन्हा दहा दाब मोजा. सगळे 10 ते 12 मध्ये आले की फिल्म भरा.